संगीत नाटकात पूर्णवेळ उतरायचं आहे, पण नागपुरातून सुरुवात कुठून करू?

तुझा प्रश्न नीट वाचला. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते: वय २३, बी.कॉम. झालंय, गाण्यात विशारद, राज्य स्पर्धेत 'सौभद्र'मध्ये सुभद्रा केलीस आणि गायनाचं प्रमाणपत्र मिळालं. घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, तुला पुण्याला नाहीतर मुंबईला जाऊन संगीत नाटकच करायचंय, आणि तू विचारून राहिलीस की यात करिअर होतं का आणि माझा आवाज तेवढा आहे का. मी नागपूरचीच आहे, माझं सगळं आयुष्य संगीत नाटकात गेलं, झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचे, बरेच सीझन केले, तिकडच्या संस्थांसोबत दौरे केले, आता प्रयोग कमी आणि शिकवणं जास्त असं चालू आहे. वयाने बरीच मोठी आहे म्हणून तूच म्हणते.

आधी आवाजाचं. विशारदपर्यंत गेलीस, स्पर्धेत परीक्षकांनी गायनाचं नाव काढलं, म्हणजे आवाज आहे, तो प्रश्न सोडून दे. मला तुझ्या लिहिण्यात दुसरीच गोष्ट दिसली. सुभद्रा तू किती वेळा केलीस? स्पर्धेचं नाटक म्हणजे तीन-चार महिने तालीम आणि एक प्रयोग, फार तर कुठे पुनःप्रयोग झाला तर झाला. तेवढ्यात नट घडत नाही गं. तालमीत बसवलेलं एकदा नीट करून दाखवणं वेगळं, आणि तेच नाटक वेगवेगळ्या गावात, वेगवेगळ्या पब्लिकसमोर, घसा बसलेला असताना, ऑर्गनवाला नवीन असताना, समोरचा नट वाक्य विसरलेला असताना पुन्हा पुन्हा उभं करणं वेगळं. म्हणून तुझा खरा प्रश्न मी असा मांडेन: पुढच्या चार-पाच वर्षांत तुला भरपूर प्रयोग कुठे मिळतील, आणि ते मिळेपर्यंत पोट कशावर चालेल?

हा प्रश्न आपल्याच पिढ्यांना का पडतो ते कळलं की घरच्यांशी बोलणंही सोपं जातं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं तेव्हापासून पन्नासएक वर्षं संगीत नट म्हणजे कंपनीतला माणूस. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शिरले तेव्हा सतरा वर्षांचे होते. कंपनीत राहणं-जेवण, पगार, गाण्याची तालीम, गद्याची तालीम, आणि गावोगावी मुक्काम करून प्रयोगांवर प्रयोग. म्हणजे शिकणं, कमावणं आणि प्रयोग तिन्ही एकाच छपराखाली. १९३१-३२ ला बोलपट आले आणि ह्या मंडळ्या एकेक करून बसल्या. त्यानंतर नटाला पगार देणारं कुणी राहिलं नाही, नाइट सुरू झाली, प्रयोग असेल त्या दिवसाचे पैसे, नसेल तर नाही. आज पुण्यामुंबईत संगीत नाटकाचे प्रयोग होतात, चांगले होतात, पण ते शनिवार-रविवारी, महोत्सवात, कुणा ट्रस्टच्या मदतीने. फक्त संगीत नाटकाच्या नाइटवर घर चालवणारा माणूस मी शोधून काढायचा म्हटलं तरी अवघड आहे. सगळे काहीतरी जोडून करतात: नाट्यगीतांच्या मैफली, शिकवण्या, आकाशवाणी, डबिंग, मालिका, नाहीतर सरळ नोकरी. तेव्हा करिअर होतं का ह्याचं उत्तर, होतं, पण ते चार तुकडे शिवून होतं, आणि कुठला तुकडा किती मोठा ते तुझ्या घरच्या परिस्थितीवर आहे. घरी तुझ्या पैशाची गरज आहे का, लहान भावंडं शिकताहेत का, वर्षभर तरी कुणी काही मागणार नाही अशी सोय आहे का, हे तू लिहिलं नाहीस, आणि माझा सगळा सल्ला त्यावर थोडा इकडेतिकडे सरकतो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसले. नाटकात गाणारी गायिका आणि गाणारी नटी यात फरक आहे, आणि विशारद झालेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीला मला हे पहिल्यापासून शिकवावं लागतं. तुझंच पद घेऊ. 'वद जाउ कुणाला शरण' हे सुभद्रेचं पद. घरच्यांनी दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, तिला अर्जुन पाहिजे, कुणाला सांगावं कळत नाही, आणि हे ती सखीला विचारते आहे. तो प्रश्न आहे. पण स्पर्धांमध्ये मुली काय करतात, की वाक्य संपलं, दोन पावलं पुढे आल्या, हात जोडून नाहीतर पोटाशी बांधून उभ्या राहिल्या, आणि तिसऱ्या रांगेकडे बघून पद गायल्या. सखी मागे उभी, तिला काय करावं सुचत नाही, ती पदराशी खेळते. परीक्षक गाण्याला मार्क देतात, नाटक मात्र तिथे पाच मिनिटं थांबलेलं असतं.

मी मुलींना हे पद आधी बोलायला लावते. सूर नाही, ताल नाही, समोर एक मुलगी बसवायची आणि तिला खरंच विचारायचं. दहा वेळा विचारलं की कुठल्या शब्दावर जीव जातो ते आपोआप कळतं. मग ऑर्गनचा सूर लावून त्याच सुराच्या आसपास गद्य बोलायचं, गायचं नाही, नुसतं बोलायचं. कारण प्रयोगात होतं काय की पदाच्या आधीची दोन-तीन वाक्यं चालू असतानाच ऑर्गनवाला खाली हळूच सूर धरतो. तुझं बोलणं जर त्या सुरापासून लांब, बारीक आवाजात चालू असेल आणि पद एकदम दुसऱ्या मोठ्या आवाजात सुरू झालं तर प्रेक्षकाला धक्का बसतो, त्याला वाटतं आता गाणं आलं. ज्यांचं गाणं ऐकताना गद्य कधी संपलं ते कळतच नाही त्यांनी ही जागा घोटलेली असते. श्वासही तिथेच घ्यायचा, शेवटच्या वाक्याच्या मध्ये कुठेतरी, समोरचीकडे बघता बघता. पदाच्या तोंडाशी खांदे वर करून घेतलेला श्वास शेवटच्या रांगेलाही दिसतो.

आणि भरण्याच्या जागा. तू एक ओळ गायलीस, ऑर्गन ती ओळ पुन्हा वाजवतो, तबला जरा खुलतो, ते आठ-दहा सेकंद तू कोण आहेस? बहुतेक जणी तिथे गायिका होऊन पुढच्या ओळीची वाट बघतात. तिथे सुभद्रा राहिली पाहिजे. सखी काही उत्तर देईल म्हणून तिच्याकडे बघ, ती देत नाही, म्हणून तू दुसऱ्यांदा तीच ओळ वेगळ्या जागेने विचार. आलाप-तानेला असं कारण मिळालं की ती तान लोकांना लांब वाटत नाही. वन्स मोअर आला तर पद कुठून उचलायचं, तोंडापासून की अंतऱ्यापासून, हे ऑर्गनवाल्याशी आधीच ठरवून ठेवायचं, आणि पद संपल्यावर समोरच्या नटाने कुठल्या वाक्याने प्रसंग धरायचा तेही. नाहीतर टाळ्या मिळतात आणि प्रसंग सांडून जातो.

पट्टीचं गणितही नटीला आलं पाहिजे, ते फक्त साथीदारांवर सोडू नये. समज अर्जुन काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा. त्याचा मध्यम म्हणजे काळी तीन, पंचम म्हणजे काळी चार. तू काळी तीन किंवा काळी चारमध्ये गात असशील तर तबलजीला तबला बदलावा लागत नाही, त्याचा काळी एकचा तबला तुझ्या पंचमाला नाहीतर मध्यमाला बरोबर बसतो आणि एका पदातून दुसऱ्या पदात जाताना प्रवेश तुटत नाही. पण तू हट्टाने पांढरी पाच म्हणशील तर दर वेळी हातोडी निघणार, नाहीतर दुसरा तबला मांडावा लागणार. तुझा आवाज कशात खुलतो ते आधी, हे खरंच, पण अर्ध्या सुराने खाली-वर होऊन प्रवेश सलग राहत असेल तर मी तो अर्धा सूर सोडते.

गद्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस म्हणून मुद्दाम सांगते. संगीत नाटकाचं गद्य अवघड असतं, लांब वाक्यं, जोडशब्द, आणि ते फेकता आलं पाहिजे. आपल्या विदर्भातल्या मुलींचा ण आणि ळ स्टेजवर घसरतो, घरी कसंही बोल, मीही 'काहून' आणि 'करून राहिले'च बोलते, पण रुक्मिणीच्या तोंडी न चा ण झालाच पाहिजे. रोज वीस मिनिटं मोठ्याने गद्य वाच, भिंतीकडे तोंड करून नाही, लांब बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असं. जुन्या नाटकांतल्या साक्या आणि दिंड्या, म्हणजे त्या-त्या वृत्तातली साधी पदं, पाठ कर. त्यात ताना नाहीत म्हणून आजकाल लोक गाळतात, पण बोलण्यातून गाण्यात जायचं शिक्षण तिथेच मिळतं, कारण त्या अर्ध्या बोललेल्याच असतात.

आता प्रयोग कुठे मिळतील. माझं स्पष्ट मत, पुण्याला जायच्या आधी झाडीपट्टीचा निदान एक पूर्ण सीझन कर. नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत ह्यावर नाक मुरडतात हे मला माहीत आहे, तुझ्याही घरी मुरडतील. पण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ह्या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर धान निघालं की मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात आणि होळीच्या आसपासपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात नाटक असतं, एकेका गावात एकाच रात्री दोन-तीन नाटकंही असतात आणि सगळीकडे गर्दी असते. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटे संपतं. तिथली नाटकं गाण्याशिवाय उभीच राहत नाहीत, नट स्वतः गातात, साथीदार समोर बसलेले, सगळं लाइव्ह. २०२३ साली गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना झाडीपट्टीच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा घरच्यांना सांगायला एक नाव तुझ्याजवळ आहे.

ते 'सौभद्र' नाही हे कबूल. कौटुंबिक नाटकं, भडक प्रसंग, मध्ये लावणी, विनोदी पात्रांचा धुमाकूळ, आणि पदं कधी रागातली तर कधी सिनेमाच्या चालीवरची. तालमी कमी होतात, प्रॉम्प्टरवर भिस्त असते, आणि पुण्याची शिस्त पाहिलेल्या माणसाला पहिले आठ दिवस कठीण जातात. पण तिथे जे मिळतं ते कुठल्याच ड्रामा स्कूलमध्ये मिळत नाही. थंडीत शाल-चादरी पांघरून हजारांनी माणसं बसलेली, त्यात लहान पोरं झोपलेली, म्हाताऱ्या बाया पुढे, आणि तू रडायचं पद सुरू केलंस आणि ते खोटं असलं तर लगेच गलका सुरू होतो. खरं असलं की एवढा मोठा मंडप गप्प होतो. तान कुठे लांबली, गद्य कुठे पडलं, हे तुला परीक्षक नाही सांगणार, ती माणसं सांगतात आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात तुला ते दुरुस्त करता येतं. ह्या दुसऱ्या रात्रीसाठीच मी तुला तिकडे पाठवून राहिले.

मुलगी म्हणून काही गोष्टी सरळ सांगते. वडसा म्हणजे देसाईगंज हे ह्या सगळ्याचं केंद्र आहे, बहुतेक मंडळ्यांचं बुकिंग तिथून चालतं, नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी असा बसचा रस्ता आहे. जायचं तर पहिल्यांदा आई नाहीतर बाबांना घेऊन जा, निर्मात्याला भेट, त्याच मंडळीत आधी काम केलेल्या एखाद्या बाईशी वेगळं बोल. राहायची खोली कुणासोबत, गाडी कुठली, प्रयोगानंतर परत कधी आणि कसं आणणार, आजारी पडलीस तर काय, प्रयोग रद्द झाला तर नाइट मिळणार की नाही, ॲडव्हान्स किती आणि बाकी कधी, हे सगळं विचार आणि कागदावर घे, निदान मेसेजवर तरी लिहून घे. माझे एका सीझनचे अर्धे पैसे एका मंडळीने बुडवले होते, तोंडी बोलणं होतं म्हणून काही करता आलं नाही. चांगले निर्माते अशा प्रश्नांना चिडत नाहीत, जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नकोस. आणि रात्रीच्या प्रवासात गाडी चालवणारा झोपलेला नाही ना हे बघायला कुणी लाजू नये, रोज रात्री जंगलाचे रस्ते असतात.

घशाबद्दल जरा थांबून लिहिते, कारण चांगल्या मुली इथे संपलेल्या मी पाहिल्या आहेत. सीझनमध्ये रोज रात्री चार-पाच तास बोलणं-गाणं, त्यात धूळ, दव, थंडी, पहाटे भूक लागते म्हणून तिखट जेवण आणि लगेच झोप. ह्या शेवटच्या गोष्टीने जास्त घात होतो, पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राला लागतं, छातीत जळजळ होतेच असं नाही, सकाळी नुसता आवाज जड आणि सारखं खाकरावंसं वाटतं. खाकरणं बंद कर, त्याने स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटतात, पाण्याचा घोट घे. प्रयोगानंतर हलकं खा आणि लगेच आडवी होऊ नकोस. दिवसभर पाणी पी, प्रयोगाच्या अर्धा तास आधी दोन लोटे ढोसून उपयोग नसतो. घसा बसला की लोक कुजबुजत बोलतात, तेही नको, त्याने ताण वाढतो, एकतर हळू नीट बोल नाहीतर गप्प बस. आवाज दोन आठवड्यांवर बसलेला राहिला तर काढा-मध करत बसू नकोस, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरपट्ट्या बघून घे. सुरुवातीच्या गाठी विश्रांतीने आणि आवाजाच्या थेरपीने जातात, उशीर केला की नाही जात. आणि कुणी 'एक इंजेक्शन घे, रात्रीपुरता आवाज मोकळा होतो' म्हणालं तर डॉक्टरांनी घसा पाहिल्याशिवाय घेऊ नकोस. सूज उतरते, दुखणं कळत नाही, तू नेहमीच्या जोरात गातेस आणि आत रक्तस्राव होऊ शकतो. एक प्रयोग सोडला तर नाव जात नाही, मी सोडलेले आहेत.

नागपूरच्या उन्हाळ्याचा फायदा घे. एप्रिल-मे-जूनमध्ये इथे प्रयोग नसल्यासारखेच, तेव्हा सकाळी साडेपाचला खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज आणि तीन भूमिका पूर्ण तयार कर, फक्त पदं नाही, सगळं गद्य, समोरच्याची वाक्यंसुद्धा. एक किर्लोस्कर-देवलांच्या काळातली, एक गंधर्व काळातली, एक जितेंद्र अभिषेकीबुवांच्या संगीतातली, कारण तिन्हींची गायकी वेगळी आहे आणि बोलवणारी संस्था ह्यातलं काहीही विचारू शकते. गंधर्व काळातली म्हणून 'एकच प्याला'तली सिंधू घे असं मी सांगेन, तिथे गाण्याचा दिमाख दाखवायला गेलीस तर सिंधू मरते, आवाज दाबून भाव सांभाळायचं शिक्षण आहे ते. ते लिहिणारे राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला इथे आपल्या सावनेरला वारले आणि ते नाटक पुढच्याच महिन्यात स्टेजवर आलं, त्यांनी सिंधू पाहिलीच नाही. सावनेरच्या बाजूला कधी गेले की मला हे आठवतंच.

आता नोकरीचं. घरचे चूक नाहीत. मोठे गायक-नट वसंतराव देशपांडे, १९२० चा जन्म, नागपुरात वाढले, शंकरराव सप्र्यांकडे शिकले, आणि पुढे पुण्याला मिलिटरी अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं कारकुनी केली. ज्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेने ते गाजले ते 'कट्यार काळजात घुसली' १९६७ च्या डिसेंबरात आलं तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. नाटक लिहिणारे दारव्हेकर मास्तर, तेही नागपूरचे, आधी इथे शिक्षक, रंजन कला मंदिर ही नाट्यसंस्था त्यांनी इथेच उभी केली. म्हणजे नोकरी करणारा माणूस कमी कलाकार असतो हे डोक्यातून काढ. पण ह्याच गोष्टीची दुसरी बाजूही घरच्यांना सांग, की दोघंही इथे तयार झाले आणि 'कट्यार' मात्र मुंबईच्या नाट्यसंपदा ह्या संस्थेने उभं केलं. तयारी नागपुरात होते, बाजार तिकडे आहे, आजही.

म्हणून पुण्या-मुंबईला जाऊ नको असं मी म्हणत नाही, आत्ता जाऊ नको म्हणते. आत्ता गेलीस तर खोलीचं भाडं भरायला दिवसभर काहीतरी करशील, संध्याकाळी तालमींना जाशील, आणि वर्षाकाठी हातावर मोजण्याएवढे प्रयोग, त्यातले अर्धे सखीचे नाहीतर दासीचे. दोन सीझन करून, तीन भूमिका तोंडात घेऊन गेलीस तर गोष्ट वेगळी होते, कारण तिकडच्या संस्थांना नेहमी अशी मुलगी पाहिजे असते जी चार दिवसांच्या तालमीत उभी राहील, कुणाचं तरी ऐन वेळी अडतंच. आणि तेव्हा नुसत्या पदाचं रेकॉर्डिंग पाठवू नकोस, गोड गळ्याच्या मुलींची रेकॉर्डिंग त्यांच्याकडे ढिगाने येतात. एक अख्खा प्रवेश पाठव, समोर दुसरा नट, आधी गद्य, मग पद, पुन्हा गद्य. रीतसर शिक्षण पाहिजे असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र चांगलं आहे, गुरुकुलाच्या पद्धतीने शिकवतात, संगीताचाही विभाग तिथेच आहे. पण ते दोन-तीन वर्षं मागतं, घरची परिस्थिती बघून ठरव.

सीझनमध्ये नसताना नागपुरात कमाई कशी, तर आकाशवाणीची ऑडिशन दे, ग्रेड मिळाली की नावापुढे काहीतरी लागतं आणि शिकवण्या मिळायला मदत होते. घरी चार-पाच मुलींची शिकवणी सुरू कर. वसंतराव देशपांडे सभागृहात, सायंटिफिक सभागृहात, सुरेश भट सभागृहात नाट्यगीतांचे कार्यक्रम होत असतात, त्यांच्या आयोजकांना माहीत असू दे की तू निवेदनासकट पदं सादर करू शकतेस. नुसत्या गायिका पुष्कळ आहेत, प्रसंग सांगून पद उभं करणारी कमी आहेत. प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, कात्रण, मानधनाचा कागद एका फाईलमध्ये ठेव. आत्ता हे फालतू वाटेल, पण सरकारची ज्येष्ठ कलाकारांसाठी मानधन योजना आहे, पन्नाशीनंतर अर्ज करताना किती वर्षं कला केली त्याचे पुरावे मागतात, आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी चांगल्या नटांकडे आयुष्यभराच्या कामाचा एक कागद नाही.

बँकेचा फॉर्म ह्या वर्षी भर, अभ्यासही कर, झाडीपट्टीत दुपारी चार-पाच तास मोकळे असतात. वडशाला दसऱ्याच्या आधीच जाऊन ये, नंतर कलाकार ठरलेले असतात आणि मग उरलेलं काम पदरात पडतं. पहिल्या वर्षी हिरॉईनचं काम मागू नकोस, पण गाणी असलेलं पात्र माग, दोन पदं तरी पाहिजेतच असं स्पष्ट सांग. परीक्षेच्या तारखा लागल्या असतील तर त्या निर्मात्याला पहिल्याच भेटीत दे, आधी कळलं तर ते त्या रात्रींना बदली नटी बघून ठेवतात, ऐन वेळी सांगितलं तर मात्र पुढच्या वर्षी बोलवत नाहीत.